बॅनरवरचा पक्षी माझ्या मोबाइलमधला आहे

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि शिव्या द्यायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून द्या, एवढीच विनंती.

गेल्या आठवड्यापासून एसटी स्टँडसमोर, मच्छी मार्केटच्या कोपऱ्यावर आणि तहसीलच्या कुंपणावर एकच बॅनर लागलाय. ‘आपल्या शहरात साकारतंय भव्य आंतरराष्ट्रीय पक्षी उद्यान.’ वर नेहमीचे दहा-बारा चेहरे, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मधोमध एक मोठा काळा पक्षी. पिवळी चोच, चोचीवर केळ्यासारखं वर वळलेलं लालभडक शिंग. तो फोटो मी काढलाय. क्वालालंपूरला, मे महिन्यात. उजव्या कोपऱ्यात नीट बघितलंत तर हिरव्या ओढणीचं टोक दिसेल. ती ओढणी माझ्या मुलीची. बॅनरवाल्याने मुलीला कापलं, ओढणी राहून गेली.

मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “अहो पत्रकार, तुमच्याच स्टेटसवरून घेतला. गावासाठीच वापरलाय ना? अभिमान बाळगा!” आता अभिमान बाळगायचा म्हटला तर आधी एक गोष्ट सांगायला हवी. बॅनरवर ‘आपल्या निसर्गाचं वैभव’ अशी ओळ ज्याच्या पोटाखाली लिहिलीय, तो पक्षी भारतात सापडतच नाही. तो ऱ्हायनोसेरॉस हॉर्नबिल. मलेशियाचा राष्ट्रीय पक्षी. आपल्या निसर्गाच्या वैभवाचा जो पक्षी आहे तो वेगळा, आणि त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

आधी क्रूझचं. “पत्रकाराकडे क्रूझचे पैसे कुठून आले” हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच कबुली. हिच्या शाळेतल्या बायकांची भिशी आहे. चार वर्षं साठवलेले पैसे, त्यात सासूबाईंनी स्वतःच्या पेन्शनमधून घातलेली भर, आणि वरचे जे कमी पडले ते मी सोसायटीतून काढलेत, अजून हप्ते चालू आहेत. सिंगापूर, तीन रात्रींची क्रूझ, घरी. बोटीवर निम्मे प्रवासी आपलेच. डेकवर संध्याकाळी गुजराती, मराठी, पंजाबी सगळं ऐकू येतं. सकाळी नाश्त्याला इडली होती आणि आमच्या ग्रुपच्या टेबलावर घरून आणलेली लसणाची चटणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पोर्ट क्लांगला लागली. क्वालालंपूर तिथून बसने दीडेक तासावर. बोटीवाल्यांचा आठ तासांचा थांबा म्हणजे ऐकायला खूप, पण हिशेब करा. तासभर इमिग्रेशनची रांग, जायला दीड, यायला दीड, मधे बाटू केव्हजच्या २७२ पायऱ्या (निम्म्या ग्रुपने खालूनच मुरुगनच्या सोनेरी मूर्तीला हात जोडले), मग जेवण, मग ट्विन टॉवरपुढे सगळ्यांनी मान मोडून काढलेले फोटो. उरलं काय? पक्षी उद्यानाला पन्नास मिनिटं. टूरच्या मॅनेजरने गेटवरच बजावलं, “उशीर झाला तर बोट थांबणार नाही. मागच्या ग्रुपमधले दोघे राहिले होते.” हे खरं होतं की घाबरवायला, देव जाणे. पण त्यामुळे आम्ही ते उद्यान जवळजवळ पळत बघितलं.

आणि सांगतो, उद्यान चांगलं आहे. खोटं कशाला बोलू? १९९१ साली सुरू झालेलं, शहराच्या मधोमध, लेक गार्डनच्या हिरव्या टेकड्यांत सुमारे २१ एकरांवर. मोठ्या भागावर उंच जाळी ताणलेली आणि तिच्या आत झाडं, ओढा, धबधबा, आणि त्यात पक्षी मोकळे. तीन हजारांच्या वर पक्षी, दोनशे जाती, असं तिथे सांगतात. आपल्याकडे कोंबड्या फिरतात तसे मोर पायात येतात. बगळे तुमच्या पुढ्यातून चालत जातात. पांढरे करकोचे झाडाच्या शेंड्यावर घरटी करून बसलेले. न्यू गिनीचं ते निळं मुकुटवालं कबूतर मी पहिल्यांदा बघितलं, कोंबडीएवढं मोठं, आणि डोक्यावर लेसचा पंखा लावल्यासारखा तुरा. स्वच्छता अशी की खाली बसून जेवावं. कामगार हातात बादल्या घेऊन वेळेवर फळं टाकताहेत, आजारी पक्ष्यांसाठी डॉक्टर आहेत, करकोच्यांची पैदासही तिथे होते. तेव्हा “परदेशातलं सगळं वाईट, पिंजरा म्हणजे पाप” असं लिहायला मी बसलेलो नाही. मला मजा आली. मुलीला जास्त आली. लोरी नावाचे लाल-हिरवे पोपट तिच्या हातावरच्या भांड्यातून पीत होते तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

मग आम्ही हॉर्नबिलच्या भागात पोचलो. सासूबाईंचे गुडघे बाटू केव्हजला खालूनच बोलायला लागले होते, त्यामुळे त्या हळूहळू मागून आल्या. आम्ही फोटोसाठी ओळ लावून उभे. सासूबाईंनी त्या शिंगवाल्याकडे बघितलं, पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अगो, हो तर आमच्या गरुडाचो सख्खो भाव! आमच्याकडे वडाक फळां धरली काय परड्यात येता. ह्याका बघूक इतक्या लांब कित्याक इलंव?”

ग्रुप हसला. मी पण हसलो. आज लाज वाटते.

कारण सासूबाई अगदी बरोबर होत्या. आपण ज्याला गरुड म्हणतो, ककणेर म्हणतो, पुस्तकात ज्याला धनेश म्हणतात, तो हाच घराणा. त्यातला मोठा, पिवळ्या शिंगाचा महाधनेश तर त्या मलेशियावाल्याच्या अगदी जवळच्या नात्यातला. उडाला की पंखांचा आवाज असा येतो की लहानपणी आम्हाला वाटायचं डोंगरातून इंजिन आलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं बोधचिन्ह हाच पक्षी आहे, आणि तो कुठल्या परदेशातून नाही, आपल्या कारवारकडून गेलेला. १८९४ ला पिल्लू म्हणून सोसायटीत आला, त्याचं नाव ठेवलं विल्यम, आणि १९२० पर्यंत तिथेच राहिला. टेनिसचा बॉल फेकला की चोचीत झेलायचा म्हणे. सव्वीस वर्षं! पिंजऱ्यातला पक्षी लोकांना लळा लावतो हे मला मान्य आहे. पण विल्यम मुंबईला गेला तेव्हा कारवारपासून वरपर्यंत सह्याद्रीत त्याचे भाऊबंद राहायला झाडं होती.

परतीच्या बसमध्ये सासूबाई खिडकीशी. बाहेर मैलोन्‌मैल एकाच जातीची झाडं, बुटक्या माडासारखी, रांगेत. ऑइल पाम. सासूबाईंनी विचारलं, “हे कसले माड?” गाइड तमिळ होता, मोडक्या हिंदीत अभिमानाने सांगत होता, पामतेलात आमचा देश जगात दुसरा. पहिला इंडोनेशिया. आणि सगळ्यात जास्त विकत कोण घेतं? “इंडिया, सर!” बसमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या कसल्या वाजवतोय हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. जिथे आज पाम उभा आहे, त्यातल्या बऱ्याच जमिनीवर आधी जंगल होतं. ज्या पक्ष्याबरोबर आम्ही दुपारी फोटो काढला, त्याचं घर तोडून लावलेल्या बागांचं तेल आमच्या स्टँडवरच्या वड्याच्या कढईत आहे, फरसाणात आहे, बिस्किटात आहे. मी स्वतः रोज दोन वडे खातो, तेव्हा हे कुणा दुसऱ्याला ऐकवत नाही. पण जाळीच्या आत तीन हजार पक्षी सांभाळणं आणि जाळीच्या बाहेर त्यांना उतरायला झाड न ठेवणं, ही दोन्ही कामं एकच देश करू शकतो, हे त्या बसमध्ये दिसलं. तिकडेच हेल्मेटेड हॉर्नबिल नावाची एक जात आहे. तिच्या भरीव शिंगावर कोरीवकाम करतात म्हणून चीनच्या बाजारासाठी इतकी मारली गेली की २०१५ पासून ती ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. ती काही उद्यानं कमी होती म्हणून संपत आलेली नाही.

आता आपल्या घरी येऊ.

धनेशाची मादी अंडी घालायला जुन्या, जाड झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःला आतून लिंपून घेते. विष्ठा, माती, फळांचा गर जे मिळेल त्याने. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत बसून पंखांची मोठी पिसं झाडते, म्हणजे उडणं बंद. तीन-साडेतीन महिने नर बाहेरून वड, उंबर, जायफळाची फळं, कधी सरडा, आणून त्या फटीतून भरवतो. नर मेला तर आतली दोघं-तिघं उपाशी. झाड पडलं तर सगळंच संपलं. आणि अशी ढोली पाच-दहा वर्षांच्या झाडाला होत नाही. त्याला म्हातारा बेहडा लागतो, सातवीण लागते, जुना रायवळ आंबा लागतो. जोडी वर्षानुवर्षं त्याच ढोलीत परत येते.

सासूबाईंच्या माहेरी असा एक बेहडा होता. घराच्या मागे, परड्याच्या वरच्या अंगाला. त्यांच्या लहानपणापासून तिथे गरुड यायचा. गेल्या वर्षी शिमग्यानंतर त्यांच्या भाच्याने तो विकला. एका बऱ्या मोबाइलच्या किमतीला. भाच्याला दोष द्यायला तोंड नाही. घर दुरुस्तीला काढलेलं, मुंबईतली नोकरी सुटलेली, आणि व्यापारी पैसे रोख घेऊन दारात उभा. तोड झाली तेव्हा विणीचा हंगाम होता. आत मादी होती की नव्हती ते मला माहीत नाही, कारण मी बघायला गेलो नाही. सासूबाईंनी मात्र भावजयीचं ऐकलं होतं. नर चार दिवस त्या जागेवर येत होता, चोचीत काहीतरी घेऊन. समोरच्या फणसावर बसायचा आणि जायचा.

ही बातमी मला तेव्हाच कळली होती. मी लावली नाही. का? कारण झाडं घेणारा जो व्यापारी आहे तो दिवाळीला पाव पान जाहिरात देतो. लिहिलं एकदाचं. तालुक्याच्या पत्रकाराचं मानधन किती असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना जाहिरातीचं कमिशन म्हणजे काय ते सांगायला नको. आणि पक्षी उद्यानाची ‘आनंदवार्ता’ पहिल्या पानावर कुणी लावली? मीच. वाढदिवस पुरवणीसकट.

म्हणजे आपला हिशेब असा झाला. दारातला गरुड मोबाइलच्या किमतीत घालवला. मग कर्ज काढून, बोटीत बसून, परदेशात जाऊन त्याचा भाऊ पन्नास मिनिटं बघितला. परत आल्यावर त्याचा फोटो बॅनरवर लावून आता करोडो रुपयांत पिंजरा बांधणार. ह्याला विकास म्हणायचं?

उद्यानाच्या बाजूने जे बोलतायत त्यांचं म्हणणं मी मन लावून ऐकलंय. पोरांना काम मिळेल. गोव्याला जाणारी गाडी आपल्याकडे दोन तास थांबेल. चार हॉटेलं चालतील. हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं मोपा आणि पणजीच्या हॉटेलांत आहेत, गणपतीला चार दिवस तोंड दाखवतात. काम इथे हवं, ह्यात वाद नाही. माझा प्रश्न एवढाच की हे काम त्यातून मिळणार का?

आधी कायदा. पक्षी उद्यान हे कायद्याने प्राणीसंग्रहालय असतं. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय ते उघडता येत नाही. त्यासाठी डॉक्टर लागतो, क्वारंटाइनची जागा लागते, आराखडा मंजूर व्हावा लागतो. ह्यातलं काय झालंय? मी माहिती मागितली, “प्रक्रिया सुरू आहे” एवढं तोंडी सांगितलं. दुसरं, आत पक्षी कुठले ठेवणार? आपल्याकडचा रानपक्षी पकडून ठेवता येत नाही, साधा पोपटसुद्धा. (हो, दारातल्या पिंजऱ्यातला हिरवा राघू हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्या शहरात तो गुन्हा किती घरांत शिट्टी मारतो ते मोजायला लागलो तर आमच्या घराण्यातलेही दोघे सापडतील.) बॅनरवरचा तो शिंगवाला तर आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेला, तो काही वाशीच्या मार्केटात मिळत नाही. मग उरलं काय? लव्हबर्ड, कॉकॅटिएल, चार मकाऊ, आणि एखादा शहामृग किंवा इमू.

इमू आठवतो ना? पंधराएक वर्षांपूर्वी अंडं, तेल, मांस, सगळं सोन्याच्या भावाने जाणार म्हणून राज्यभर लोकांनी कर्ज काढून पाळले. पुढे कुणी गिऱ्हाईक फिरकलं नाही. खाद्य परवडेना म्हणून कित्येकांनी सोडून दिले. आमच्या एका नातेवाइकाच्या शेडला अजून ती जाळी आहे, आता त्यात लाकडं ठेवतात.

तिसरा मुद्दा पावसाचा. क्वालालंपूरलाही पाऊस मरणाचा पडतो, पण ते विषुववृत्ताच्या इतक्या जवळ आहे की तिथे चक्रीवादळ सहसा येत नाही. आपल्याकडे १६ मे २०२१ ला तौक्ते आलं होतं. ज्यांची कौलं उडाली, ज्यांनी आठ-दहा दिवस अंधारात काढले, त्यांनी त्या दिवशी तळ्यावर पन्नास फुटांवर ताणलेली जाळी डोळ्यांसमोर आणावी. आणि आत पक्षी.

चौथं, राखणार कोण? तळ्याकाठची मुलांची रेल्वे आठवते? उद्घाटनाला मंत्री आले होते, आता इंजिनात कुत्री वितात. संगीत कारंजं तीन महिने गायलं. बोटिंग क्लबच्या बदकाच्या आकाराच्या होड्या उलट्या पडल्यात आणि त्यांच्या पोटात डास. रेल्वे गंजली तर गंजली, तिला भूक लागत नाही. पक्ष्यांना रोज सकाळी खायला लागतं, नगरपंचायतीचं बिल मंजूर झालं असो वा नसो.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. उद्यानाची जागा कुठली धरलीय? तळ्याचा उत्तरेकडचा काठ. नोटिशीत शब्द आहे ‘पडीक दलदल’, आणि ती ‘भराव टाकून विकसित’ करणार.

मंडळी, त्या पडीक दलदलीत सकाळी सहाला जाऊन उभे राहा. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी तिथे आहे. जांभळ्या पाणकोंबड्या आहेत. कडेच्या जुन्या वडावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात आणि संध्याकाळ झाली की त्याच वडावरून रातबगळे “क्वाक” करत निघतात. महामार्ग रुंद झाला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे वड गेले, तेव्हापासून तिकडचे बगळे ह्या एका वडावर आलेत. म्हणून तर खालच्या दुकानदारांची घाणीची तक्रार आहे. हे उद्यान आधीच चालू आहे. तिकीट नाही, जाळी नाही, डॉक्टर लागत नाही, खाद्याचं टेंडर नाही. त्याच्यावर डंपरने माती टाकून आपण त्याच जागेवर लव्हबर्ड ठेवणार.

क्वालालंपूरच्या त्या करकोच्यांचं मी मघाशी कौतुक केलं. दुधी करकोचा म्हणतात त्याला. त्यांना जाळीत वाढवावं लागतं कारण मलेशियाच्या किनाऱ्यावरची त्यांची खारफुटी आणि दलदल गेली, रानात तो जवळजवळ दिसेनासा झाला. दलदल संपल्यावर करायचा तो उपाय आहे. आपण दलदल असताना तोच उपाय करायला निघालोय, तो पण दलदल बुजवून.

“मग करायचं काय, नुसता विरोध?” हे ऐकायची सवय झालीय. तर ऐका. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. एकेकाळी तिथे कासवाची अंडी लोक खायला न्यायचे. चिपळूणच्या निसर्गप्रेमी मंडळींनी गावाला हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली, पुढे पिल्लं समुद्रात सोडताना बघायला माणसं येऊ लागली. आज हंगामात गावातल्या घरांत पाहुणे उतरतात, उकडीचे मोदक खातात, पैसे थेट त्या घरात जातात. कासव पिंजऱ्यात नाही. कधी दिसतं, कधी नाही दिसत, तरी माणसं पहाटे उठून जातात. अरुणाचलात पक्के नावाचं व्याघ्र अभयारण्य आहे. तिथले निशी लोक धनेशाची चोच डोक्यावरच्या टोपीला लावायचे, त्यासाठी शिकार व्हायची. तेच लोक आज पगार घेऊन धनेशाच्या घरट्यांची राखण करतात. एकेक घरटं शहरातला कुणीतरी दत्तक घेतो, पैसे देतो. टोपीला आता फायबरची चोच. आपल्याकडे देवरूख-संगमेश्वरच्या बाजूलाही काही मंडळी घरट्यांची झाडं शोधून मालकांशी बोलत फिरतायत. आणि आपल्याकडे बोलायचं मालकांशीच लागतं, कारण इथलं बहुतेक रान खाजगी आहे. वनखात्याला शिव्या घालून हात झटकता येत नाहीत.

उद्यानाच्या आराखड्यात नुसत्या कमानीवर जेवढा खर्च दाखवलाय, तेवढ्यात तालुक्यातल्या ढोलीच्या झाडांच्या मालकांना दरवर्षी ‘झाड उभं आहे’ म्हणून पैसे देता येतील. सासूबाईंच्या भाच्याला कुणी तसे दिले असते तर त्याने बेहडा विकला नसता, असं तो स्वतः मला म्हणाला. गावातल्या पोरांना पक्षी दाखवायचं शिकवता येईल. गोव्याला जाणारा कॅमेरावाला माणूस जंगलातला गरुड बघायला दोन तास नाही, दोन दिवस थांबतो. हे स्वप्नरंजन वाटत असेल तर दोडामार्गाकडे बघा. रबर आणि अननसासाठी डोंगर उघडे झाले, २०१३ ला उच्च न्यायालयाला वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली, आणि तरी रात्री ट्रक चालतात हे तिकडच्या कुणालाही विचारा. तिथे कुणी पक्षी उद्यान मागितलं नव्हतं, पण पुढच्या पिढीला मागावं लागेल.

बॅनरवाल्यांना दोन गोष्टी सांगतो. फोटो माझा आहे, तो काढा. गावासाठी हवाच असेल तर मी तळ्यावरच्या कमळपक्ष्याचा देतो, फुकट. जाहिरातीचं काय करायचं ते करा, मी घरी हिला सांगून ठेवलंय. पेपरात हे छापून येईल की नाही माहीत नाही, म्हणून इथे लिहितोय. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, भाच्याचं लिहायला नको होतं, तो काय परका आहे?

भरावाच्या प्रस्तावावर हरकती घ्यायला सोमवारी सकाळी अकरा वाजता नगरपंचायतीच्या सभागृहात सभा आहे. मी लेखी हरकत देणार आहे. ‘पडीक’ ह्या शब्दावर अडायचं आहे, म्हणून तळ्याच्या उत्तर काठाचे जुने फोटो कुणाकडे असतील, लग्नातले, सहलीतले, गणपती विसर्जनातले, मागे पक्षी दिसणारे, कसलेही चालतील, मागच्या बाजूला साल लिहून घेऊन या. ज्यांना येता येत नाही त्यांनी इथेच टाका, मी प्रिंट काढून नेईन.